माझ्याच केसांचं गंगावन

बोईसरला आमच्या घरात सगळ्यांत जास्त मान माझ्या केसांना होता. त्या केसांखाली जी मुलगी होती तिच्याकडून कोणाच्या फारशा अपेक्षा नव्हत्या. गणितात मी कच्ची, शिवणात माझा टाका वाट चुकलेला, आणि भाकरी थापली की तिचा आकार बघून अप्पा, म्हणजे माझे वडील, "आज कुठला जिल्हा केलास?" असं विचारायचे. ते प्राथमिक शाळेत मास्तर होते, त्यांना नकाशे पाठ होते. केस मात्र माझे गुडघ्यापर्यंत, दाट, सरळ आणि असे काळे, की न्हाऊन अंगणात उभी राहिले तर शेजारच्या बायका हातातलं काम टाकून बघायच्या. "मास्तरांची कुमुद" म्हटलं तर कोणाच्या लक्षात येत नसे. "ती गं, केसांची," म्हटलं की लगेच ओळख पटायची. आज माझी नात मला विचारते, "आजी, तू लहानपणी सुंदर होतीस का?" मी म्हणते, "मागून फार."

या केसांमागे आईची कढई होती. आई माहीमची, मुंबईचं नव्हे, केळव्याजवळचं माहीम. तिचे वडील तिथले वैद्य. त्यांच्या खलाशेजारी बसून ती लहानाची मोठी झाली आणि लग्नात इतर मुली भांडी घेऊन येतात तशी ती एक लोखंडी कढई घेऊन आली. तिच्यात ती डोक्याचं तेल सिद्ध करायची. 'करायची' म्हटलेलं तिला चालत नसे. वडे करतात, तेल सिद्ध होतं, असं तिचं म्हणणं. तेलाच्या दिवशी पहाटेपासून पाट्यावर माका वाटला जायचा. त्याचा काळपट हिरवा रस वाटणाऱ्याच्या कोपरापर्यंत ओघळायचा, आणि वाटणारी बहुधा मीच असायची. मग जास्वंदीची फुलं, ब्राह्मी, जटामांसी, मनोरच्या बाजारात डोंगरातल्या बायकांनी आणलेले आवळे, वडाच्या कोवळ्या पारंब्या. घाण्याचं खोबरेल कढईत पडलं, खाली मंद आच लागली, की घरात बोलायला बंदी. कारण आई कढईचं ऐकत असे. आधी रसाचं खदखदणं, मग हळूहळू तडतड, मग ती तडतडही विरळ होत जायची. कढई गप्प झाली की आई झाऱ्यानं तळाचा गाळ काढून दोन बोटांत वळायची. त्याची वात वळली गेली पाहिजे. मग कापसाची वात त्या तेलात भिजवून पेटवायची. वात तडतडली तर अजून पाणी आहे. निमूट जळली तर तेल झालं. अप्पा शाळेतून आले तर अंगणातच चपला काढून मांजराच्या पावलानं आत येत आणि वर्तमानपत्राचं पानसुद्धा आवाज न करता उलटत.

चूल तेलानं अडवलेली, त्यामुळे त्या दिवशी जेवायला पहाटेच शिजवून ठेवलेली पेज आणि निखाऱ्यावर भाजलेला सुका बोंबील. मला तो बेत फार आवडायचा. फक्त पेजेला माक्याचा वास, बोंबलाला जटामांसीचा आणि संध्याकाळच्या चहाला ब्राह्मीचा. आमच्या घरातल्या झुरळांचेही केस लांब असतील, असं बनूआत्या म्हणायची. बनूआत्या म्हणजे अप्पांची थोरली बहीण. लवकर विधवा होऊन ती आमच्याकडे आली, आणि आईला तेल करता येतं पण विकता येत नाही हे आल्याआल्याच ओळखून तिनं विक्री आपल्या हातात घेतली. अप्पांच्या पगारात घर चालत होतं, पण दादाचं मुंबईतलं कॉलेज चालत होतं ते तेलावर.

आठवड्याच्या बाजारात, स्टेशनाजवळच्या एका चिंचेखाली, आमची सतरंजी पसरलेली असे. पुढे तेलाच्या बाटल्या आणि मलमाच्या डब्या, त्यामागे आई, शेजारी आत्या, आणि या दोघींच्या मधोमध मी, गिऱ्हाइकांकडे पाठ करून. ही कल्पना अर्थातच आत्याची. केस मोकळे सोडून, चिंचेच्या बुंध्याकडे तोंड करून मी बाजार उठेपर्यंत बसायचं. दुकानाला पाटी लागते ना, तशी आमची पाटी मी. वर्षानुवर्षं त्या बुंध्याकडे बघत बसल्यामुळे त्याच्या सालीवरच्या चिरा मला माझ्या तळहातापेक्षा जास्त ओळखीच्या होत्या. मुंगळे कुठून वर चढतात आणि कुठून खाली उतरतात, हे मी आजही सांगू शकेन. बाजार मात्र मी कधी पाहिला नव्हता, ऐकला होता. सगळी गिऱ्हाइकं मला आवाजानं माहीत. मिठागरातल्या बायकांच्या टाचांना भेगा पडायच्या. त्या आल्या की आधी "आई गं" ऐकू यायचं, मग आई त्यांना कोकमाचं तेल तापवून भेगेत कसं सोडायचं ते सांगायची. कोणाला नायटा झालेला असायचा. त्याला टाकळ्याचं बी ताकात वाटून लावायचं. आंबूस वासानं मला बुंध्याकडे तोंड असतानाही कळायचं की नायटेवाला दुसऱ्यांदा आलाय. तारापूरला अणुकेंद्राचं बांधकाम चालू होतं, तिथले परमुलखातले मजूर यायचे. "मौसी, सिमेंट ने हाथ खा लिया," असा एक घोगरा आवाज नेहमी यायचा. त्यावर आईचं हिंदी ऐकण्यासारखं असे: "पहले हाथ अच्छा धोव, फिर करंजेल लगाव, और रात को खाजवायचं नाय, क्या?" तो म्हणायचा, "नाय मौसी."

आणि दातिवऱ्याची हिरूबाय. ती सुकी मासळी घेऊन बाजाराला यायची आणि टोपली रिकामी झाली की आमच्याकडून तेलाची बाटली न्यायची. तिचा आवाज असा, की स्टेशनात गाडीची शिट्टी आणि ती एकदमच बोलली तर शिट्टी ऐकू येत नसे. मी मनात तिला धिप्पाड, चिंचेएवढी उंच बाई केली होती. "मास्तरीणबाय, तुमच्या पोरीचं केस बघूनच मी तेल नेतंय," असं दर वेळी म्हणायची. माझ्या पाठीला तेवढंच बरं वाटायचं.

मग मला मुदतीचा ताप आला. टायफॉइड म्हणा. अंग तापलं, जीभ पांढरी झाली, मी बरळायला लागले. त्या बरळण्यातही मी मुंगळ्यांशीच बोलत होते म्हणे. आत्यानं आईकडे पाहिलं. आईनं कढईकडे पाहिलंसुद्धा नाही. ती अप्पांना म्हणाली, "पालघरच्या डॉक्टरकडे न्या हिला. आत्ता. हे माझं काम नाही." डॉक्टरांच्या औषधानं मी वाचले. मऊ भात, मुगाचं कढण, पुन्हा मऊ भात. शेजारून तळलेल्या बोंबलांचा वास आला की मी उशीत तोंड खुपसून रडायची. ताप गेला, भूक आली, मी भिंत धरून चालायला लागले, सगळ्यांना वाटलं संपलं एकदाचं. पुढं दोनेक महिन्यांनी एका सकाळी आई वेणी घालायला बसली आणि फणीबरोबर मूठभर केस तिच्या हातात आले. दुसऱ्या दिवशी पुन्हा. उशीवर केस, उंबऱ्यात केस, पेजेत केस. शेवटी राहिलेले झुबके इतके केविलवाणे दिसायला लागले, की आईनं कात्री घेऊन ते बारीक करून टाकले. आरसा माझ्यापासून लपवून ठेवला होता, पण अप्पा हळवे झाले की त्यांच्या तोंडून नको ते निघायचं. ते म्हणाले, "छान दिसतेस गं. अगदी आमच्या शाळेतल्या शिपायासारखी."

आई रोज माझ्या डोक्यावरून बोटं फिरवायची आणि शांतपणे म्हणायची, "तापानं गेलेत, येतील. मुळं जिवंत आहेत." बनूआत्याला एवढा धीर नव्हता. बाजारात कुजबुज सुरू झाली होती. मास्तरणीची पोर दिसत नाही, तिचे केस म्हणे त्या तेलानंच झडले. बाटल्या परत येऊ लागल्या. त्या काळी बायका फणीत निघालेलं गुंतवळ टाकत नसत. गुंडाळी करून भिंतीच्या फटीत ठेवायच्या आणि फेरीवाला आला की त्याला देऊन सुया घ्यायच्या. माझे झडलेले सगळे केस आत्या वेचून एका डब्यात भरत होती, ते मी पाहिलं होतं. मला वाटलं, घरात आता जन्मभर पुरतील इतक्या सुया येणार. पण आत्या तो डबा घेऊन पालघरला गेली आणि येताना कागदात गुंडाळलेलं गंगावन घेऊन आली, केसांत जोडायची तयार लांब वेणी. लांब, दाट, काळीभोर. माझी.

"हे बघ वहिनी," आत्या म्हणाली, "याला रुमाल शिवते. रुमाल हिच्या डोक्याला बांधायचा. कोणी विचारलं तर सांगू, तापातून उठलीय, वारा लागायला नको. ही बसते पाठ करून. कोणाच्या बापाला कळणार नाही."

"खोटं आहे ते, वन्सं."

"खोटं काय त्यात? तुझ्याच लेकीचे केस तुझ्याच लेकीच्या डोक्यावर. घोड्याची शेपटी लावली का मी?"

आई अप्पांकडे वळली. अप्पा असल्या वेळी नेमके पेन्सिलीला टोक काढायला बसत. बराच वेळ टोक काढून ते म्हणाले, "म्हणजे भात कापून झालं की पेंढा परत शेतात रोवायचा, तसं."

"तुम्ही शेत करा मग," आत्या फणकारली. "तो पोरगा मुंबईत काय खाणार? नकाशे? आणि वहिनी, तू खरं सांगशील गं. ऐकायला चिंचेखाली थांबणार कोण?"

 आईनं गंगावन हातात घेतलं आणि उजेडात धरलं. मला तिचा चेहरा अजून दिसतो. ते केस तिनंच वाढवले होते, दर आठवड्याला, आपल्या हातानं. मग ती म्हणाली, "या एका बाजारापुरतं."

तर मी पुन्हा बुंध्याकडे तोंड करून बसले. डोक्याला घट्ट रुमाल, पाठीवर वेणी. ते ओझं इतकं ओळखीचं होतं की मला रडू आलं, आणि दुसरीकडे इतकं परकं की मान हलवायची भीती वाटत होती. माझेच केस माझ्या पाठीवर परत आले होते, पण ओळख दाखवत नव्हते. मुंगळे मात्र होते तसेच होते. आत्या जोरात होती. "या या, बघा, तापातून उठलीय पोर, केसाला धक्का नाही!" बाटल्या जात होत्या. आईचा आवाज तेवढा ऐकू येत नव्हता. तेल देताना ती नेहमी काहीतरी सांगायची: निजताना लाव, नखं लावू नकोस, शिकेकाई कोमट पाण्यात भिजव. त्या दिवशी ती नुसती बाटल्या देत होती. कढई गप्प झाली की तेल झालं, हे मला ठाऊक होतं. आई गप्प झाली की काय झालं असं समजायचं, हे ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात हिरूबायचा आवाज आला, पण नेहमीचा नाही, खाली उतरलेला. "मास्तरीणबाय, तुमची पोर पन मुदतीच्या तापात व्हती ना?"

"होती," आई म्हणाली.

"आनि तिचं केस नाय गेलं?"

आईच्या आधी आत्या बोलली. "आमचं तेल लावते ती!"

"बघ गं पारू," हिरूबाय कोणाला तरी म्हणाली. "मी तुला काय सांगत व्हते? आता रडू नको." आणि मग आईला: "माज्या पोरीचं समदं गेलं, बाय. लगीन ठरलंय तिचं. होनारी सासू म्हन्ते, पोरीला कसला तरी रोग हाय, आमी लपवतंय. आता बोलनी मोडायला निगालीत ती मान्सं. आमी तर तुमचंच तेल लावत व्हतो, तरी गेलं. म्हंजे आमी कमी लावलं आसंल. तुमच्याकडं हाय तेवढं समदं तेल द्या. ही टोपली ठेवा, भरलेली हाय, आज एक बोंबील पन इकला नाय मी."

टोपली जमिनीवर टेकल्याचा आवाज झाला. माझ्या पाठीमागे कोणीतरी मुलगी नाक ओढत होती. आईच्या बांगड्या वाजल्या. मला वाटलं, ती बाटल्या गोळा करतेय. पण तिचा हात माझ्या डोक्यावर आला. मला वाटलं, रुमाल सारखा करतेय. तर रुमालाची गाठ सुटली, पाठीवरचं ओझं उचललं गेलं आणि माझ्या टाळूला वारा लागला.

"अगं बाई!" आत्या.

"कुमुद," आई म्हणाली, "इकडे तोंड कर."

मी वळले. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी आमचा बाजार पाहिला. केवढी माणसं होती! रंग किती होते! माझ्या अगदी समोर एक मूठभर, वाळक्या सुपारीएवढी बाई उभी होती. तिनं तोंड उघडलं तेव्हा मला कळलं की ही हिरूबाय. तिच्याआड माझ्याच वयाची एक मुलगी, डोक्यावरून पदर घट्ट ओढलेला.

"पारू, बघ हिच्याकडे," आई म्हणाली. "हिचेही गेले. तापानं गेले. तेलानं राहिले नाहीत, आणि तेलानं यायचेही नाहीत. ताप उतरला, अंग भरलं, की आपले आपण येतात. ये इकडे, बघू." तिनं पारूचा पदर मागे सारला, उजेडात तिचं डोकं तिरपं केलं, बोटानं टाळू चाचपली. "खवले नाहीत, व्रण नाहीत, मुळं शाबूत आहेत. कसला रोग नाही तुला. मऊ भात खा, मूग खा, मासे खा. डोकं कोरडं पडलं तर थेंबभर तेल लाव, थंड वाटेल, झोप लागेल. तेवढंच तेलाचं काम. सहा महिन्यांनीही नाही आले, तर माझ्याकडे येऊ नकोस, पालघरच्या डॉक्टरकडे जा."

"मग मगाशी त्या बाय म्हनल्या ते?" हिरूबायनं विचारलं.

"मगाशी आमच्याकडून खोटं झालं," आई म्हणाली. आणि हातातलं गंगावन तिनं आत्याच्या मांडीवर ठेवलं.

"केस तिचेच आहेत," आत्या पुटपुटली. ते कोणी ऐकलं नाही.

भोवती बायका जमल्या होत्या.  पारू माझ्या डोक्याकडे बघत राहिली, बघत राहिली, आणि नाक पुसून म्हणाली, "आये, हिचं तर माज्याहून कमी हाय गं." आणि फिसकन हसली. मला राग यायला हवा होता. मीही हसले. चिंचेखाली आम्ही दोन भादरलेल्या पोरी पोट धरून हसत होतो आणि आमच्या आया एकमेकींकडे बघत होत्या.

हिरूबायनं टोपली ठेवली नाही, आईनं ठेवू दिली नाही. निघताना दोन सुके बोंबील मात्र तिनं सतरंजीवर टाकले, ते "पोरीला भाजून घाला" म्हणून. इतर बायका गेल्या त्या मगाशी घेतलेल्या बाटल्याही परत ठेवूनच. त्या दिवशी बाटल्या जशा आल्या तशा घरी परत गेल्या. आत्यानं वाटेत चकार शब्द काढला नाही, आणि नंतरही बरेच दिवस ती आईशी माझ्यामार्फत बोलायची: "तुझ्या सत्यवादी आईला सांग, मीठ संपलंय." अप्पांनी संध्याकाळच्या शिकवण्या धरल्या. रोज पेन्सिलीला टोक काढून ते घराबाहेर पडायचे आणि अंधार पडल्यावर घसा बसून परतायचे. कोणी आईला बोल लावला नाही. पण चहातली साखर कमी झालेली सगळ्यांना कळत होती, मला तर हमखास, कारण आता ब्राह्मीचा वासही उरला नव्हता.

पुढच्या बाजाराला मी सवयीनं बुंध्याकडे तोंड करून बसायला लागले, तर आईनं खांद्याला धरून मला फिरवलं. त्यानंतर मी कधीच पाठ करून बसले नाही. "नाय मौसी"वाला मजूर घोगऱ्या आवाजाचा म्हणून मी त्याला म्हातारा समजत होते. तो मिसरूडही न फुटलेला निघाला. हिरूबाय आली ती एका बाईला हाताला धरून. पारूची होणारी सासू. जाडजूड, कपाळावर आठ्या. ती आईशी बोललीच नाही. सरळ माझ्यासमोर बसली आणि माझं डोकं दोन्ही हातांत धरून कलिंगड बघतात तसं बघितलं. तोवर माझ्या टाळूवर बारीक लव आली होती. तिनं तिच्यावरून तळवा उलटा फिरवला, मग सुलटा. "रुजतंय," ती म्हणाली. पुढच्या बाजाराला पुन्हा आली. "वर येतंय." त्यापुढच्या बाजाराला ती नुसतीच हसली. माझं डोकं परत जाहिरातीला लागलं होतं, पण या वेळी तेलाच्या नव्हे. पारूचं लग्न ठरल्याप्रमाणे झालं. आम्हाला आमंत्रण होतं. आत्यानं जायचं नाही म्हणून आधी सांगून टाकलं आणि लग्नात सगळ्यांत पुढे तीच बसली.

तेलाची विक्री पूर्वीइतकी कधीच झाली नाही, पण मलमं जायला लागली. "बाई नाही तर नाही म्हणून सांगते," असं एकजण दुसरीला सांगताना मी ऐकलं. आता तोंड तिकडे असल्यामुळे पाहिलंसुद्धा. माझे केस आले. पण जे आले ते माझे नव्हतेच मुळी. कुरळे! कढईतल्या गाळाच्या वाती वळून कोणी डोक्यावर पेरल्यासारखे. तापानंतर कधी कधी असं होतं, आई म्हणाली. पण त्या वर्षी अणुकेंद्राच्या वसाहतीतल्या बायकांना कुरळ्या केसांची भारी हौस. सतरंजीपुढे रांग लागली. "ते कुरळं करायचं तेल द्या." आई सांगून सांगून थकली की असं तेल नाही, हे तापाचं काम आहे. तिचं पुढचं वाक्य ऐकायला कोणी थांबत नसे. आत्या मात्र शेजारी बसून नुसती हसत होती. कितीतरी दिवसांनी ती थेट आईशी बोलली: "वहिनी, आता सांग खरं."

आणि एका बाजाराला लांबूनच शिट्टीला मागे सारणारा तो आवाज आला. हिरूबाय. मागे पारू, डोक्यावर मानेपर्यंत आलेले सरळ केस, त्यांत मोठ्या मुश्किलीनं अडकवलेला अबोलीचा गजरा. हिरूबायनं पारूचं डोकं आणि माझं डोकं शेजारी शेजारी धरलं. आळीपाळीनं बघितलं. मग कमरेवर हात ठेवून आईसमोर उभी राहिली.

"तुमी लय खऱ्या ना, मास्तरीणबाय? तेलानं काय व्हत नाय म्हनाल्या. मग तुमच्या पोरीला कुरळं आनि माज्या पोरीला सरळ कसं काय? चांगलं तेल घरात ठेवलंत ना?"

 आई हसायला लागली. पदर तोंडाला लावून, खांदे हलवत. आत्या हसली, पारू हसली, आणि आपण काय विनोद केला हे न कळून हिरूबायही.

गंगावन माझ्याकडे आहे. आत्यानं जाण्यापूर्वी दिलं: "ठेव गं, तुझंच आहे." परवा ट्रंक आवरताना सापडलं. अजून काळंभोर, सरळ, नुकती वेणी घातल्यासारखं. माझे स्वतःचे केस आता पिकले, विरळ झाले, आणि कुरळे आहेत ते आहेतच. दार लावून घेतलं आणि आत्याच्या पद्धतीनं रुमालानं ते डोक्याला बांधून आरशासमोर बसले. पण गंगावन पाठीवर असतं. आरशात दिसतं ते तोंड. जरा वेळ त्याच्याकडे बघितलं, मग गाठ सोडली.